वहीतले सात गडी

आमच्या मराठी विभागातील टेबलाच्या तळच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर 'जादा तास' असे लिहिलेले असले तरी आत तासांचा मागमूस नाही. आत उभ्या-आडव्या रेघा, कबड्डीपटूंची नावे आणि बेरजा आहेत. काही बेरजा चुकलेल्याही आहेत. भाषेच्या प्राध्यापकांकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. या वहीच्या निमित्ताने नवख्यांना चार सूचना कराव्यात असा आमचा विचार आहे. त्या करण्याचा आम्हांला कितपत अधिकार उरला आहे, हेही ओघाने सांगावे लागेल.

आरंभ झाला तो सिडनीहून आलेल्या एका पत्राने. आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे असतो. 2023 च्या पावसाळ्यात त्याने कळवले की, कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या नादाने तो 'फँटसी रग्बी लीग' खेळू लागला आहे. रग्बी लीग हा तेरा-तेरा जणांचा खेळ. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने धरून पाडायचे आणि सहाव्यांदा पाडले की चेंडू समोरच्यांच्या हवाली, असा त्याचा ढोबळ नियम. फँटसी म्हणजे या खऱ्या स्पर्धेतील खेळाडूंतून, ठरवून दिलेल्या काल्पनिक रकमेत, आपण आपला संघ निवडायचा. खेळाडू मैदानावर घाम गाळतात आणि त्यांच्या कामगिरीचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. हा प्रकार आज ज्या स्वरूपात ओळखला जातो ते त्याला 1980 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये, डॅनिएल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांच्या बेसबॉलवेडातून मिळाले. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रातील एक वाक्य मात्र आमच्या मनात घर करून राहिले. त्याने लिहिले होते की, तिथे प्रत्येक टॅकलला गुण असतो. त्यामुळे डोळ्यांत न भरणारा, मुकाट्याने अडवत राहणारा गडीही भरपूर कमाई करून देतो.

धरणे, पाडणे, अडवणे! हा तर आमचाच हुतूतू. त्याच वर्षी 2 डिसेंबरला प्रो कबड्डी लीगचा दहावा हंगाम सुरू झाला तेव्हा आम्ही पाच जणांनी वही उघडली. नियम प्रचलित खेळांवरून उचलले. दोन संघांतून मिळून सात गडी. प्रत्येक गड्याला किंमत. खिशात शंभर काल्पनिक रुपये. चढाईतील प्रत्येक स्पर्शाला 4 गुण, यशस्वी पकडीला 10, अव्वल पकड असेल तर आणखी 4. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. आठवड्याअखेर जो तळाला राहील त्याने बाकीच्यांना मिसळ खिलवायची. याहून मोठी पैज लावायची नाही, हा वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला नियम होता.

आता सूचना. नवख्याची पहिली चूक म्हणजे सारे पैसे दोन नामांकित चढाईपटूंवर उधळणे. शंभर पानांचा प्रातिनिधिक कथासंग्रह काढायला बसलेल्या संपादकाने दोन दीर्घकथांनाच सत्तर पाने देऊन टाकावीत, तसा हा प्रकार आहे. उरलेल्या तीस पानांत मग कोणालाही बसवावे लागते. चढाईपटू एक भारी, एक मध्यम असावा आणि वाचलेले पैसे कोपऱ्यांवर लावावेत. डावा आणि उजवा कोपरारक्षक हे बचावाचे दोन खांब. घोटा आणि मांडी धरण्याची संधी मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येते. पकडीचा भाव स्पर्शाच्या अडीचपट असेल तर शहाण्याने काय करावे, हे सांगायला नको.

दुसरी सूचना वरवर उफराटी वाटेल. हरणाऱ्या संघाचा बचावपटू टाकून देऊ नये. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड ठरते आणि संघाला दोन गुण मिळतात. ज्यांचे गडी सतत बाद होत असतात त्यांच्याच वाट्याला ही वेळ वारंवार येते. चांगला बचावपटू पडक्या वाड्यात अधिक कमावतो. याच धर्तीवर बोनस रेषेकडेही पाहावे. समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच बोनस मिळू शकतो. म्हणून बोनसवर जगणारा चढाईपटू सामन्याच्या भरात उपयोगी, पडझडीत निरुपयोगी. आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. संघ ही तिसरी चढाई कोणावर सोपवतो, ते दोन-तीन सामने पाहून वहीत टिपून ठेवावे.

तिसरी सूचना आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. चढाईपटूची निवड त्याच्या एकट्याच्या आकड्यांवरून करू नये. कबड्डीच्या जुन्या प्रकारांत एकाचे नाव संजीवनी होते आणि आजचा खेळ त्याच वाटेने चालतो. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि सहकाऱ्यांनी समोरचा गडी बाद केला की जिवंत होऊन आत येतो. अव्वल चढाईपटू बाद होऊन पाच मिनिटे बाहेर बसला तर त्या पाच मिनिटांत तो शून्य. तो लवकर आत येतो की नाही, हे दुसऱ्या चढाईपटूवर आणि कोपऱ्यातल्या गड्यावर अवलंबून असते. म्हणजे वहीत ज्याच्या नावापुढे सोळा गुण दिसतात, त्यातले काही दुसऱ्याने त्याला आत आणले म्हणून मिळालेले असतात.

चौथी सूचना प्रेमाविषयी. पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार हा आमच्या जिल्ह्यातला, श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आम्हा पाचही जणांचा कर्णधार एकच राहिला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले आणि अस्लम हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, तेव्हा आमच्या निष्ठेचे सार्थक झाले. वहीतील पान मात्र वेगळेच बोलत होते. त्या सामन्यात पुण्यातर्फे सर्वाधिक गुण पंकज मोहितेने मिळवले होते आणि आमच्यातल्या एकानेच त्याला उपकर्णधार केले होते. त्या आठवड्याची मिसळ चौघांनी मिळून त्याला खिलवली. तात्पर्य, सगळ्यांचा कर्णधार एकच असेल तर त्याच्यामुळे कोणी जिंकत नाही की हरत नाही. फरक पडतो तो दुर्लक्षित नावाने. प्रेमाचा गडी एकच ठेवावा आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवावी.

इथपर्यंत सारे गमतीचे होते. पुढचे सांगताना हात अडखळतो.

त्याच मार्च महिन्यात वरिष्ठ गटाची पुरुषांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा आमच्याकडे, नगरच्या वाडिया पार्क मैदानावर भरली. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते; अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले ते त्या वर्षाच्या ऑक्टोबरात. आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन सामने पाहायला गेलो. पडद्यावर पाहिलेली कबड्डी आणि दहा-पंधरा हातांवरून पाहिलेली कबड्डी यांत फार अंतर आहे. जवळून पाहताना कळते की बचावपटू चढाईपटूकडे पाहत असतात तितकेच एकमेकांच्या हातांकडेही पाहत असतात. हात सैल झाला, घट्ट झाला, किंचित ओढला गेला, एवढ्यावर निर्णय होतात. आम्ही हे सारे डोळे भरून पाहत होतो. शेजारी बसलेला आमचा एक विद्यार्थी मात्र मान खाली घालून फोन पाहत होता. आयपीएल नुकतीच सुरू झाली होती आणि त्याने पैसे भरून लावलेला संघ गडगडत होता.

परतीच्या गाडीत त्याने हळूहळू सांगितले. खाणावळीसाठी घरून आलेले तीन महिन्यांचे पैसे गेले होते. आम्ही रागावण्याच्या बेतात असताना तो म्हणाला, "सर, हिशोब कसा लावायचा ते मी तुमच्या वहीतच पाहिलं होतं." त्याच्या स्वरात आरोप नव्हता. उलट, किंचित अभिमान होता. त्यानेच आम्ही निरुत्तर झालो.

खरोखरच दुपारच्या सुट्टीत तो विभागात येई, आमच्या खांद्यावरून वहीत डोकावे आणि कधीकधी आमची बेरीज दुरुस्तही करी. मिसळीच्या आणि पैशाच्या पैजेत फरक आहे, असे आम्ही स्वतःला बजावले. तो आहेच. पाच जणांच्या वहीत कोणीतरी जिंकतो आणि मिसळ सगळेच खातात. हजारो अनोळखी स्पर्धकांच्या पैशाच्या खेळात चालक आपला वाटा आधी काढून घेतो आणि उरलेल्यात बहुतेकांना हरावेच लागते, मग त्यांना खेळ कितीही कळत असो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या अशा खेळांना बंदी घातली. कौशल्य की नशीब, हा जुना वादही त्या बंदीपुरता निरर्थक ठरवला. आम्हांला ते योग्यच वाटले. पण कायद्याने दार लावले म्हणून आमच्या वहीची झडती संपत नाही. आम्ही त्या मुलाला पैसे लावायला शिकवले नव्हते, हे खरे. आकड्यांकडे पाहायला मात्र शिकवले होते, आणि समोर राष्ट्रीय स्पर्धेचा सामना चालू असताना तो आकड्यांकडेच पाहत होता.

तेव्हा आम्ही जुनी पाने पुन्हा वाचली. पकडीचा गुण गुणफलकावर एकाच्या नावावर लागतो. कोपऱ्यातल्याने घोटा धरला, पण मध्यरक्षकाने क्षणभर आधी वाट अडवली नसती तर घोटा हाती लागलाच नसता. वहीत एकाला दहा, दुसऱ्याला शून्य. आघाडीवर असलेल्या संघाचा गडी शेवटच्या मिनिटाला निदानरेषा ओलांडतो, कोणालाही न शिवता तीस सेकंद खर्च करून परत येतो. संघ जिंकतो, वहीत पुन्हा शून्य. सिडनीच्या विद्यार्थ्याचे वाक्य आम्हांला आवडले होते ते मुकाट्याने अडवणाऱ्यांसाठी. आणि वही मांडताना नेमके तेच गडी आमच्या हातून निसटले होते.

आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला यावर उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. टाकळीभानवरून जाणारा रस्ता पुढे नेवाशाला पोचतो. तिथल्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. दुर्गाबाईंचा 'पैस' वाचलेल्यांना हा खांब नवा नाही. ग्रंथाच्या अखेरीस शके 1212 या काळाबरोबर लेखक म्हणून त्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो. शिकवताना आम्ही ती ओवी कालनिर्णयापुरती वापरत आलो. ज्याने हाताने धरून ठेवले, त्याचे नाव ग्रंथाने स्वतःच्या आत नोंदवले आहे, ही गोष्ट आम्हांला या वहीमुळे उमगली, हे कबूल करताना थोडी शरम वाटते.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला आहे. त्याचे नाव 'सच्चिदानंद'. संघ लावणाऱ्याने सामना पूर्ण पाहायचा आणि ज्याला एकही गुण मिळाला नाही पण ज्याच्यावाचून अडले असते, अशा एका गड्याविषयी एक वाक्य लिहायचे. वाक्य नसेल तर त्या आठवड्याचे गुण रद्द. या रकान्यामुळे आमचा खेळ संथ झाला. पाचातला एक कंटाळून बाहेरही पडला. 2024 च्या अकराव्या हंगामात अस्लमला गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ अर्ध्यावर सोडावा लागला, तेव्हा त्याच्या जागी कोणाला घ्यावे याचे उत्तर बेरजांनी दिले नाही. त्या रकान्यातल्या वाक्यांनी दिले.

31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणे आणि अस्लम पुन्हा तिथवर पोचले होते. दबंग दिल्लीने त्यांना 31-28 असे हरवले. सामना पाहायला तो विद्यार्थीही आमच्यात होता. पदवी घेऊन तो आता श्रीरामपुरात नोकरी करतो. खाणावळीचे पैसे त्याने पहिल्या पगारातून घरी परत केले. सामना संपल्यावर आमच्या बेरजा चालू असताना त्याने वही ओढून घेतली आणि शेवटच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहिले. एक वाक्य लिहायचे असते, हे आम्ही त्याला सांगितले नाही.

नवख्याला आमची शेवटची सूचना एवढीच: पहिला सामना संघ न लावता पाहावा.