विडी वळणाऱ्या हातांनी वसवलेली वसाहत



मंद्रूपच्या माणसाला सोलापूर नवे नाही. बियाणे, औषधे, दवाखाना, कोर्टकचेरी, कांद्याचा बाजार, लेकीचे सासर, अशा कुठल्या ना कुठल्या कामाने आपली एस.टी. वडकबाळला सीना ओलांडते आणि शहरात शिरते. काम उरकले की आपण आल्या वाटेने परत फिरतो. पण एखादा दिवस सवड काढून शहराच्या पलीकडच्या अंगाला, अक्कलकोट रस्त्याने कुंभारीला जाऊन या. कुंभारी आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. तिथल्या माळरानावर गरीब बायकांनी एक वसाहत उभी केली आहे. शेती करणाऱ्या घरालाही तिच्यापासून बरेच घेण्यासारखे आहे.

कुंभारीला जाताना सोलापूरचा पूर्व भाग लागतो. यंत्रमागाचा खडखडाट कानावर येतो, टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे हातगाड्यांवरून जाताना दिसतात. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि तेलंगणातून विणकर कुटुंबे पोटासाठी इकडे आली. काळाच्या ओघात त्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. पुरुषांच्या हाताला काम राहिले नाही तेव्हा हजारो घरांतली चूल बायकांच्या विडीवर पेटली.

हे काम कसे चालते ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घरी आणायची. पाने भिजवून मापाने कापायची. मांडीवर सूप घेऊन एकेक विडी वळायची, दोऱ्याने बांधायची आणि पुन्हा कारखान्यात नेऊन द्यायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान वळणारीच्या माथी. बाजारात आपल्या कांद्याची प्रत काढतात तेव्हा आपला जीव कसा टांगणीला लागतो ते तुम्ही जाणताच. या बायांच्या वाट्याला ते रोजचेच. वर राहायला भाड्याची एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा आणि तोच कारखाना. तंबाखूची धूळ पाळण्यातल्या लेकराच्याही नाकात जायची.

या बायकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करणाऱ्या गोदावरी परुळेकर, म्हणजे गोदूताई (१९०७–१९९६), यांचे नाव तिला दिले. पुढारपण कामगार नेते नरसय्या आडम, लोकांचे ‘आडम मास्तर’, यांचे. मागणी साधी होती: आमचा वाटा आम्ही भरतो, उरलेला सरकारने द्यावा. मोर्चे निघाले, निवेदने गेली, वर्षे लोटली. शेवटी हिशेब ठरला तो असा. एका घराची किंमत साधारण ६० हजार रुपये. त्यात २० हजार केंद्र सरकारचे, २० हजार राज्य सरकारचे आणि २० हजार त्या बाईचे स्वतःचे. अशी १० हजार घरे झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा हस्तांतर सोहळा झाला.

हजार विड्यांमागे चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईला २० हजार म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पण तो वाटा भरल्यामुळेच ती मदत मागणारी राहिली नाही, भागीदार झाली. दान घेणाऱ्याला उशिराबद्दल विचारता येत नाही. भागीदाराला कचेरीत उभे राहून ‘माझ्या पैशाचे काय झाले?’ असे विचारता येते.

वसाहतीत शिरलात की तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी अशा चारही बोली कानांवर पडतील. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे जमीन. आपल्या मंद्रूपकडची भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराचा पाया हलवते. मालदांडी ज्वारीला मात्र ती सोन्यासारखी. घरे माळावर आणि पीक काळ्या रानात, ही जुन्या लोकांची रीत होती. घरासाठी किंवा विक्रीसाठी चांगले रान मोडण्यापूर्वी ती आठवावी. दुसरी गोष्ट बाजाराची. दहा हजार घरे म्हणजे रोज पेटणाऱ्या दहा हजार चुली. भाजी, दूध, डाळ त्यांना लागतेच. आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून थेट तिथे माल नेता येईल का, याचा विचार गटाने बसून करावा.

या पहिल्या वसाहतीनंतर कुंभारीतच ‘रे नगर’ उभे राहू लागले. ३० हजार घरांची ही योजना विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक अशा कष्टकऱ्यांसाठी. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण. दिल्लीत एकाचे सरकार जाऊन दुसऱ्याचे आले, पण सभासद एकत्र राहिले म्हणून काम पुढे गेले.

इथे थोडे गणित करा. पायाभरणीच्या वेळी खर्च धरला होता सुमारे १,८११ कोटी रुपये. त्यात केंद्र आणि राज्य मिळून मदत ७५० कोटी, म्हणजे घरामागे अडीच लाख. राहिलेले सुमारे साडेतीन लाख कुटुंबाच्या अंगावर. पहिल्या वसाहतीत सभासदाचा वाटा तिसरा हिस्सा होता, इथे तो निम्म्याहून जास्त झाला. एवढी रक्कम विडीच्या मजुरीतून साठत नाही, कर्ज काढावे लागते, आणि हप्ता पाऊसपाणी पाहून थांबत नाही. पीककर्ज घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. शिवाय शहरातले काम दहाएक किलोमीटर दूर राहते आणि जाण्यायेण्याचे भाडे रोजच्या मजुरीतून जाते. घर मिळाले म्हणून पोटाचा प्रश्न सुटत नाही. वसाहतीला पाणी, दिवा, शाळा, दवाखाना, बस आणि जवळ काम, एवढे सगळे लागते, आणि त्यासाठी किल्ली हातात आल्यावरही संघटना जागी ठेवावी लागते.

आता आपल्या घरापुरते पाहू. आपल्यातही पाणीवापर संस्था, दूध संस्था आणि बचत गट आहेत. वर्गणी भरताना पक्की पावती घ्या. वार्षिक सभेला स्वतः जा, घरच्या बाईलाही न्या, आणि हिशेब तपासणीचा अहवाल वाचून दाखवायला सांगा. मुलगा किंवा लेक सोलापुरात घरासाठी पैसे भरणार असेल, तर संस्थेची नोंदणी, जागेचे कागद आणि हप्त्याचा आकडा आधी पाहून घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुंभारीची पहिली संस्था महिलांची होती, सभासद बायका होत्या. ज्या बाईच्या कष्टातून वाटा भरला, तिला तिच्या घरातून ‘नीघ बाहेर’ असे म्हणायला कोणी धजत नाही. आपल्याकडे खुरपणी, कांदालावण, काढणी, मळणी हे सारे बाईच्या हातचे. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव क्वचितच असते. पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने राजीखुशीने अर्ज करायचा, एवढेच.

कुंभारीहून परत आलात की दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात जाऊन त्या अर्जाची चौकशी करा. सहलीचे भाडे वसूल होईल.