करुणाही शिकावी लागते

अंगी दया असली म्हणजे आजाऱ्याची सेवा आपोआप घडते, असा आपल्या खेड्यापाड्यांतून दृढ समज आहे. डॉक्टर प्रेमळ निघाला तर आपण त्याच्या स्वभावाला श्रेय देतो, आणि तुसडा निघाला तर त्याच्या स्वभावालाच दोष देतो. रोग्याचे ऐकून घेणे, त्याच्या वेदनेचा माग काढणे, कठीण वार्ता सांगणे ह्या गोष्टी शिस्तीने शिकवता येतात, हे फारसे कोणी मनात आणीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या शेवटच्या आजारात जे पाहिले, त्यावरून ह्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आम्ही तिला आक्का म्हणत असू. बेळगावकडील एका खेड्यात तिचे सासर. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे ती चांगली हिंडतीफिरती होती. मग पाठ दुखू लागली आणि रोग मणक्यात उतरल्याचे निष्पन्न झाले. ज्या मोठ्या रुग्णालयात आम्ही तिला नेले, तेथील डॉक्टर कामसू होते, मनाने वाईट नव्हते. परंतु माणसांची जा-ये चालू असता व्हरांड्यात उभ्याउभ्याच त्यांनी सांगितले, “आता करण्यासारखे काही नाही. घरी न्या.” दहा हातांवर बाकावर बसलेली आक्का आमच्या तोंडाकडे पाहत होती.

तिचा धाकटा मुलगा त्या वेळी वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होता. परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला, “मामा, आईच्या रोगाची सारी नावे मला पाठ आहेत. पण तिच्याजवळ बसून काय बोलावे, हे आम्हांला कोणी शिकवलेलेच नाही.”

घरी रात्री कठीण जाऊ लागल्या. गोळ्या होत्या, पण त्या ‘दुखले तर घ्या’ अशा. आक्का सोशीक; दुखणे डोक्यावरून जाईपर्यंत ती गोळी मागत नसे, आणि मागितली की तिचा गुण येण्याला तास लागे. पदराचा काठ दातांत धरून ती पडून राहत असे. भेटीला येणाऱ्या बायाबापड्या सांगत, “सोसायचे, बाई, हा आपला क्रूस आहे.” त्यांचा हेतू चांगला होता. तथापि हेही वाचकांनी जाणावे, की १९५७ साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे भाषण करताना स्पष्ट केले होते, की मरणोन्मुख रोग्याच्या वेदना शमवण्यासाठी गुंगीची औषधे देणे उचित आहे. दुसरा उपाय नसेल तर त्यांनी आयुष्य थोडे उणे होण्याचा संभव असला, तरीही. वेदना सोसण्याची सक्ती ख्रिस्तसभेने कोणावर केलेली नाही.

अखेर शेजारच्या जिल्ह्यातील एका शुश्रूषागृहात तिला नेले. तेथील डॉक्टरीणबाई वयाने लहान, जेमतेम तिशीच्या. त्यांनी प्रथम स्टूल ओढले आणि आक्काच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशा बसल्या. मग विचारले, “शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, आणि दहा म्हणजे ह्याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचे दुखणे कितीचे?” आक्का कित्येक दिवसांनी हसली. म्हणाली, “बाई, दहाच्या पुढे आकडे नाहीत का?”

त्या दिवसापासून तिला मॉर्फिनचे औषध तोंडावाटे, घड्याळ लावून दर चार तासांनी मिळू लागले. दुखणे उसळण्याची वाट पाहायची नाही, ते उसळण्याच्या आधीच पुढची मात्रा द्यायची, हे त्यातील मर्म. मॉर्फिनने बद्धकोष्ठ हटकून होते, म्हणून त्यासोबत रेचकही सुरू केले. तिसऱ्या रात्री ती सलग झोपली.

मग दोन दिवसांनी बाईंनी दार लोटून घेतले आणि विचारले, “तुमच्या आजाराविषयी तुम्हांला काय ठाऊक आहे? आणखी किती जाणून घ्यावेसे वाटते?” आम्ही घरच्यांनी तिच्यापासून सारे लपवायचे ठरवले होते. आक्का म्हणाली, “सारे सांगा. हे सगळे माझ्याशी तोंड फिरवून बोलतात.” बाईंनी सोप्या शब्दांत, थांबत थांबत सांगितले. आक्का रडली, त्या गप्प बसून राहिल्या. त्यानंतर ती सात आठवडे जगली. तेवढ्यात तिने जमिनीचे कागद कोठे आहेत ते सांगितले, बारा वर्षे अबोला धरलेल्या जावेला बोलावून घेतले, आणि नातीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या स्वतःच्या हातांनी सुनेकडे दिल्या. सत्य ठाऊक नसते, तर ह्यांतले काहीही घडले नसते.

भाच्याने बाईंना विचारले, की हे तुम्हांला कसे साधते. त्या म्हणाल्या, “मला शिकवले आहे.” बरोबरीच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने रोगी व्हायचे, एकाने डॉक्टर, आणि शिक्षकांनी बाजूला बसून प्रत्येक वाक्य तपासायचे. पहिल्या खेपेस त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती म्हणे. कठीण वार्ता सांगण्याच्या सहा पायऱ्या कर्करोगाच्या वैद्यांनी २००० साली मांडल्या आहेत: निवांत जागा निवडणे, रोग्याला काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याची जाणून घेण्याची इच्छा ओळखणे, साध्या भाषेत सांगणे, त्याच्या भावनांना वाट देणे, आणि शेवटी पुढची योजना त्याच्यासह ठरवणे. वाचायला सोपे आहे. रडणाऱ्या माणसासमोर ते पाळायला मात्र सराव लागतो.

ह्या विद्येचा इतिहासही मनन करण्याजोगा आहे. इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स ह्या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तेथे पोलंडहून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. १९४८ साली मरताना त्याने त्यांच्या भावी कार्यासाठी ५०० पौंड ठेवले. पुढे एका शल्यवैद्याने त्यांना वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला, कारण मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, असे त्याचे म्हणणे होते. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि लंडनमध्ये धर्मभगिनींनी चालवलेल्या सेंट जोसेफ्स शुश्रूषागृहात काम करू लागल्या. तेथे दयेला तोटा नव्हता. तिला जोड हवी होती ती नियमित मात्रेच्या औषधोपचाराची आणि काटेकोर नोंदींची. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स उघडले, आणि सेवेबरोबर अध्यापन व संशोधन हेही त्याच्या पायात घातले.

आपल्या देशात मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. तेथील शल्यवैद्य डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली वांद्रे येथे शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले असे शुश्रूषागृह उभे राहिले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवरील औषधांची तीन पायऱ्यांची रीत प्रसिद्ध केली. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळवणे इतके जिकिरीचे करून ठेवले होते, की पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. माळव्यात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकावी, ती औषधासाठी परदेशी जावी, आणि इंदूरच्या रोग्याने मात्र तळमळावे, असा हा प्रकार! २०१४ साली कायदा सुधारला. तरी ज्या डॉक्टरने शिकताना ते औषध कधी हाताळलेच नाही, तो ते लिहून देण्यास कचरतो. म्हणून शिक्षणाचे महत्त्व. टाटा रुग्णालयात २०१२ पासून ह्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि २०१९ पासून नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या पदवीच्या अभ्यासक्रमातही रोग्याशी संवाद कसा करावा ह्याला स्थान मिळाले आहे.

वाचकहो, ह्या शिक्षणात आपलाही वाटा आहे. दुखते आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा; कोठे, कधी, किती, हेही सांगा. वेदनेसाठी वैद्यांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनला व्यसन समजून भिऊ नका. आणि रुग्णालयात शिकाऊ मुले खाटेभोवती उभी राहिली, तर शक्य असेल तेव्हा त्यांना नकार देऊ नका. त्या शुश्रूषागृहात एकदा चार विद्यार्थी आले, तेव्हा आक्काला थकवा होता. सिस्टरांनी त्यांना परत पाठवू का, म्हणून विचारले. ती म्हणाली, “राहू द्या. माझ्या पोरालाही कोणीतरी असेच शिकू दिले पाहिजे ना?”