‘मनांतच नाहीं’ म्हणण्यापूर्वीं

सहामाहीचे गुण घरीं आले म्हणजे आपल्या घरांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें : “पोराच्या मनांतच नाहीं, त्याला कोण काय करणार?” आजी तें सुस्कारा टाकून म्हणते, चुलते चढ्या आवाजांत म्हणतात, आणि शिकवणीचे मास्तर फीची पावती देतां देतां तेंच म्हणतात. चौतीस वर्षें फळ्यापुढें उभे राहिल्यामुळें आम्हांस हें वाक्य पाठ झालें आहे. त्यानें सर्वांचें समाधान होतें. ज्याच्याविषयीं तें उच्चारलें जातें त्या मुलाचें मात्र होत नाहीं. एकदां ‘आळशी’ हा शिक्का कपाळीं बसला, कीं तो सहसा पुसला जात नाहीं. म्हणून मुलाच्या मनांत काय आहे व त्याच्या हातून काय घडेल, हें कशावरून ओळखावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढें जें शिकलों तें पाठशाळेंत, संस्कृत. मानसशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. परंतु निवृत्त झाल्यावर या विषयावरील ग्रंथ व लेख मिळतील तसे वाचले, आणि वर्गांत पाहिलेल्या गोष्टींशीं ते ताडून पाहिले. त्यांतून एवढें निश्चित कळलें कीं, ‘मनांत असणें’ ही एकच वस्तु नसून ती तीन काष्ठांची मोळी आहे. आणि मनांत असणें व हातून होणें यांच्यामध्यें आणखी एक ओढा आडवा येतो.

प्रथम हें पाहूं कीं, नुसतें मत विचारून काय कळतें. १९३७ सालीं कोरी नांवाच्या एका अमेरिकन प्राध्यापकानें आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेंतील लबाडीविषयीं त्यांचीं मतें विचारलीं. पुढें वर्गांत लहान लहान परीक्षा घेतल्या. उत्तरपत्रिका गुपचुप तपासून गुण टिपून ठेवले, आणि त्यावर कांहीं खूण न करतां त्या परत देऊन, ‘आपापले गुण आपणच मांडा’ असें सांगितलें. दोन्ही गुणांतील अंतर म्हणजे लबाडीचें माप. तें माप मतांशीं ताडून पाहतां दोहोंचा संबंध जवळजवळ शून्य निघाला! प्रामाणिकपणाविषयीं कोण काय बोलला होता, यापेक्षां त्या परीक्षेची तयारी कोणाची कितपत झाली होती, यावरच लबाडी अधिक अवलंबून होती. ‘अभ्यास करणें चांगलें कीं वाईट?’ या प्रश्नास प्रत्येक मूल ‘चांगलें’ असेंच उत्तर देतें. त्यावरून तें उद्यां पुस्तक उघडील कीं नाहीं हें कळत नाहीं.

मग कळावें कशावरून? फिशबाइन व आयझेन या दोघां अमेरिकन पंडितांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, माणसाचें वर्तन त्याच्या हेतूवरून ओळखावें, आणि हेतु दोन गोष्टींवरून ओळखावा. पहिली, त्या विशिष्ट कृतीविषयीं त्याचें स्वतःचें मत. म्हणजे ‘विद्या श्रेष्ठ आहे’ हें मत नव्हे, तर ‘रोज संध्याकाळीं गणितें सोडविल्यानें माझें कांहीं भलें होईल’ हें मत. दुसरी, ज्यांच्या शब्दाला तो मान देतो त्या माणसांची अपेक्षा. पुढें आयझेन यांनीं १९८५ सालीं, व अधिक विस्तारानें १९९१ सालीं, तिसरी गोष्ट जोडली : ‘हें माझ्या हातचें आहे’ हा भरंवसा. हा भरंवसा नसेल तर रुचि असून व घरचा आग्रह असूनही हेतु जन्मास येत नाहीं.

१९८६ सालीं आयझेन व मॅडन यांनीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर याचा पडताळा घेतला. वर्गास हजर राहणें ही एक गोष्ट, आणि सर्वांत वरची श्रेणी मिळविणें ही दुसरी. दोहोंतही भरंवसा विचारांत घेतल्यावर हेतूचें अनुमान अधिक नीट जुळलें. परंतु श्रेणीच्या बाबतींत, भरंवशावरून प्रत्यक्ष फळाचें अनुमान सत्राच्या उत्तरार्धांतच साधलें. कारण तोंवर आपल्या हातीं खरोखर किती आहे हें विद्यार्थ्यांना उमगलें होतें. यांतला बोध शिक्षकांनीं व पालकांनीं नीट ध्यानांत धरण्याजोगा आहे. ‘तुला येईल रे, येईल!’ असें पाठीवर थोपटून भरंवसा येत नाहीं; हातून कांहीं खरोखर घडल्यानें येतो.

आतां आमच्या घरचें एक उदाहरण देतों. आमच्या वडील बंधूंचा, म्हणजे दादांचा, नातू गेल्या वर्षीं नववींत होता. सहामाहींत गणितांत त्यास १०० पैकीं १७ गुण पडले. रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत बैठक बसली, आणि मुलाच्या मनांत शिकण्याचें नाहीं, सबब त्यास दूरच्या शहरांतील एका शिकवणीच्या वसतिगृहांत ठेवावें, असें ठरत आलें. फी मोठी होती. परंतु आम्हांस फीपेक्षां वाटत होतें तें निराळेंच : चौदा वर्षांच्या मुलास घराबाहेर काढावयाचें, आणि तेंही ‘तूं बिघडला आहेस’ असें सांगून! आम्हीं दादांपाशीं आठ दिवसांची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशीं मुलाला जवळ बसवून वरच्याच तीन गोष्टी साध्या शब्दांत विचारल्या. गणितानें भलें होतें हें त्यास मान्य होतें. घरच्यांची अपेक्षा तर त्याच्या डोळ्यांत पाणी उभें करण्याइतकी माहीत होती. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबा, अपूर्णांक आला कीं मला पुढचें दिसतच नाहीं. मी काय करूं?” सहावींत असतां काविळीनें तो दोन महिने घरीं होता. त्याच काळांत वर्गाचे अपूर्णांक होऊन गेले, आणि त्यांवर पुढें बीजगणिताचा डोलारा चढत गेला. ज्याला घरानें आळस म्हटलें, तो पायांतला एक निखळलेला दगड होता.

ज्या मुलाचे तिन्ही प्रश्न अनुकूल निघतात, त्याचेंही काम पुष्कळदां होत नाहीं. हाच तो मघाशीं सांगितलेला ओढा. जर्मनींत गोलविट्झर व ब्रँडस्टेटर यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. नाताळची आदली संध्याकाळ कशी घालविली याचा वृत्तांत ४८ तासांच्या आंत लिहावयाचा, असें विद्यार्थ्यांस सांगितलें. त्यांतील निम्म्यांना ‘केव्हां व कोठें बसून लिहिणार’ हेंही आधींच ठरवावयास लावलें. ज्यांनीं वेळ व जागा ठरविली त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांशांनीं मुदतींत वृत्तांत लिहिला. इतरांपैकीं सुमारें एक तृतीयांशांनींच.

हें वाचून आम्हांस आपल्या पूजेंतील संकल्पाची आठवण झाली. हातांत पाणी घेऊन आपण प्रथम देशाचा उच्चार करतों, मग संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार यांचा. आणि त्यानंतरच काय करणार तें सांगतों. नुसता हेतु म्हणजे संकल्प नव्हे. देशकालाची गांठ पडल्यावरच हेतूचा संकल्प होतो. लहानपणापासून जो विधि आपण पाहत आलों, तो अभ्यासाला लावण्यास कोणती हरकत आहे?

तेव्हां आमच्या नातवाचाही संकल्प ठरला : देवापुढें दिवा लागला कीं ओसरीवरच्या झोपाळ्याशेजारीं बसावयाचें, आणि पांचवी-सहावीच्या पुस्तकांतील सहा उदाहरणें सोडवावयाचीं, सातवें नाहीं. वहिनींनीं त्या वेळेपुरता दूरदर्शनसंच बंद ठेवण्याचें आपण होऊन पत्करलें. वार्षिक परीक्षेंत त्यास ४६ गुण मिळाले. दादांना ते थोडे वाटले, आणि ते थोडे आहेतही. पण वसतिगृहाचा विषय माजघरांत पुन्हां निघाला नाहीं, आणि मुलगा आतां आपली वही आपण होऊन दाखवावयास आणतो.

प्रत्येक वेळीं तिसरेंच काष्ठ किडलेलें असतें असें नाहीं. आमच्या वर्गांत एक मुलगी होती. हुशार, शाळेची ओढ असलेली. सातवीनंतर ती येणार नाहीं असें ठरलें, कारण मुलींनीं एवढें शिकून काय करावयाचें असें घरचें मत. आम्ही तिच्या वडिलांकडे दोनदां गेलों. उपयोग झाला नाहीं. शेवटीं तिची दवाखान्यांत परिचारिका असलेली आत्या येऊन आजीशीं बोलली, आणि दार उघडलें. शंभर जणांच्या उपदेशापेक्षां ज्या एकाच्या शब्दाला त्या घरांत वजन आहे तो कोण, हें ओळखावें लागतें. एकत्र कुटुंबांत हें ज्ञान फार उपयोगी पडतें.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. हें शास्त्र म्हणजे कुंडली नव्हे. १८५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून आर्मिटेज व कॉनर यांनीं २००१ सालीं हिशेब मांडला, त्यांत माणसामाणसांच्या हेतूंतील फरकापैकीं शेंकडा ३९ आणि प्रत्यक्ष वर्तनांतील फरकापैकीं शेंकडा २७ इतकाच भाग या विचारसरणीनें उलगडला. म्हणजे वर्तनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मोकळाच राहिला. पंडितांची ही गत, तर सहामाहीचा एक कागद पाहून मुलाचें सारें आयुष्य वर्तविण्याचा अधिकार आपल्यास कोणी दिला?

तेव्हां कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच आहे. यापुढें गुण कमी आले तर बैठक बसविण्यापूर्वीं मुलाला एकटें जवळ घ्यावें. यांत तुला कांहीं लाभ दिसतो का, तुझ्या माणसांना काय हवें असें तुला वाटतें, आणि हें तुझ्या हातचें आहे का, असे तीन प्रश्न विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर यावयास वेळ लागतो. तेवढा वेळ आपण कांहीं बोलूं नये.