अकलूजची इटालियन व्हाइट वाइन आणि आपलं ताट

राजाजीनगर हे नाव चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्यावरून पडलं. याच राजाजींनी १९३७ मध्ये मद्रास प्रांताची सूत्रं हाती असताना सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली होती. त्यामुळे बंगळुरूच्या या भागात राहून वाइनवर लिहायचं म्हणजे तुम्हाला हसू येणारच! पण मित्रांनो, ही गोष्ट आपल्या मातीचीही आहे.

बंगळुरूहून मुंबईला जाणारी उद्यान एक्स्प्रेस सोलापूरला थांबते. तिथून रस्त्याने अकलूज गाठा. नीरा नदीचा हा परिसर उसासाठी प्रसिद्ध आहे. इथेच माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला ‘फ्रातेल्ली’ वाइनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. २००७ मध्ये भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन बनवण्याची जबाबदारी टस्कनीच्या पिएरो मासी यांनी घेतली.

काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन

टस्कनीचं लाडकं द्राक्ष म्हणजे सांजोवेझे. ते असतं काळं, पण अकलूजला त्यापासून ‘सांजोवेझे बियांको’ ही पांढरी वाइनही बनते. कशी? द्राक्षाचा रंग सालीत असतो, रस फिकाच असतो. द्राक्षं हलकेच दाबून रस लगेच सालींपासून वेगळा केला, की झालं!

इटलीत द्राक्षांची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते, आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्च. मळे पाहायचे असतील, तर हेच महिने निवडा. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात येईल. उसाच्या तुलनेत ठिबकवरच्या द्राक्षवेलींना पाणी बरंच कमी लागतं. सोलापूर जिल्ह्यात पाण्याचं मोल काय आहे, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा!

सोबत काय खाल?

अशा वाइनला छान आंबटपणा असतो. तळलेल्या पदार्थावर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ती करते. तेलकटपणा कापते आणि पुढचा घास हवासा वाटतो.

- कोथिंबीर वडी, अळूवडी, बटाट्याची भजी
- रव्यात तळलेलं पापलेट किंवा कोळंबी
- कमी मसाल्याचं पनीर, साधा पास्ता
- बंगळुरूकरांसाठी नीर डोसा आणि नारळाच्या रसातली भाजी

सोलापुरी शेंगा चटणी किंवा झणझणीत रस्सा मात्र टाळा. अल्कोहोलमुळे तिखटाची आग आणखी भडकते आणि वाइनचा नाजूक सुगंध हरवतो. गुलाबजामसारखं गोडही नको, त्यापुढे वाइन नुसती आंबट लागते. बाटली ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत गार करा. त्याहून गार झाली, तर वासच कळत नाही.

अर्थात, हे सगळं एकवीस वर्षांवरच्यांसाठी, तेही बेतानं आणि गाडी चालवायची नसेल तरच. घरातली मुलं, आजी-आजोबा आणि न पिणारी मंडळी यांच्यासाठी गार कोकम सरबत आहेच. आंबटाचा नियम तिथेही तोच, भज्यांबरोबर ते तितकंच जमतं.

तेव्हा येत्या रविवारी कोथिंबीर वडी तर कराच. सोबत ग्लासात काय असावं, ते ज्याचं त्यानं ठरवावं!