दूरदर्शन : शाप की वरदान?

बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तेवढ्या काळात 'दूरदर्शन : शाप की वरदान?' हा निबंध मी किती वेळा तपासला असेल याचा हिशेब नाही. 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर' यांच्या पंगतीत हा विषय ठरलेला. त्याचा साचाही ठरलेला. पहिल्या परिच्छेदात विज्ञानाची घोडदौड, दुसऱ्यात फायदे, तिसऱ्यात तोटे (डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पाहुणे आले तरी कुणी उठत नाही) आणि शेवटी 'अति तेथे माती'. मुलांना नावं कशाला ठेवू? हा साचा मीच फळ्यावर लिहून देत असे.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. पंचाहत्तरी गाठली. तोच निबंध आज एकदा स्वतः लिहून बघावा म्हणते, साचा बाजूला ठेवून.

लग्न होऊन १९७४ साली पुण्यात आले, पेठेतल्या एका वाड्यात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिल्यावर पुण्यात चित्र दिसू लागलं. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तो मालकांकडे. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पोरंसोरं पुढे जमिनीवर, आम्ही बायका मागे, आणि पुरुषमंडळी आपल्याला फारसं काही पडलेलं नाही असं दाखवत दाराच्या चौकटीला टेकून उभी. मालकीणबाई जरा फटकळ होत्या, पण शनिवारी संध्याकाळी दार मात्र उघडं ठेवायच्या. 'चिमणराव'ही आम्ही तिथेच बघितला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं गुंड्याभाऊसारखी छाती काढून चालायची! मी संधी साधली. म्हटलं, हे सगळं चिं. वि. जोशींनी तुमच्या आजोबांच्या वेळी लिहून ठेवलंय. त्या आठवड्यात ग्रंथालयात चिं. विं.चं एकही पुस्तक जागेवर राहिलं नाही. 'टीव्हीमुळे वाचन मेलं' असं कुणी म्हटलं की मला ते रिकामं फडताळ आठवतं.

आमचा स्वतःचा टीव्ही आला १९८४ साली, हप्त्यांवर. कृष्णधवल, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. वर मी विणलेला क्रोशाचा रुमाल. गच्चीवर अँटेना. वाऱ्याने ती फिरली की हे गच्चीवर, मुलगी जिन्यात आणि मी टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" ही आरोळी त्या काळी सबंध महाराष्ट्रात घुमत असावी.

पुढच्याच वर्षी 'रजनी' सुरू झाली. बासू चटर्जींची मालिका, प्रिया तेंडुलकर नायिका. साधी गृहिणी, पण अन्याय दिसला की पदर खोचून उभी. त्या वर्षी नववीला पत्रलेखनातला 'तक्रार अर्ज' शिकवताना मी म्हटलं, "रजनीने लिहिला असता तसा लिहा." एरवी 'विनंती विशेष' करून मान खाली घालणारी मुलं अशी काही लिहायला लागली की वाचताना हसू येई आणि बरंही वाटे. एका मुलीने तर नळाला पाणी येत नाही असा खराखुरा अर्ज लिहून वडिलांच्या सहीने देऊनही टाकला. ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ साली. मालिकेमुळे आला असं मी म्हणणार नाही, पण तक्रार करणं म्हणजे भांडकुदळपणा नव्हे, एवढं मात्र आम्हा बायकांना रजनीने शिकवलं.

आणि सासूबाईंचं ग्रहण! २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीचे दिवस. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. सासूबाई ग्रहण कडक पाळायच्या. वेध लागले की पाण्याचा घोट नाही, घराबाहेर पाऊल नाही. दूरदर्शनवर थेट दाखवणार म्हणून हे सकाळीच टीव्ही लावून बसले. सासूबाई जपमाळ घेऊन आतल्या खोलीत. हळूहळू उंबऱ्यापर्यंत आल्या. मग यांच्या शेजारी. सूर्य झाकला गेला, कडेला ती हिऱ्याची अंगठी लकाकली आणि माळ ओढणारा त्यांचा हात थांबला. "अगं बाई, हे एवढं सुंदर असतं होय?" सत्तरी उलटलेल्या बाईने आयुष्यभर ज्याच्याकडे पाठ केली, ते तिने त्या दिवशी डोळे भरून पाहिलं. आंघोळ केली त्यांनी नंतर, नाही असं नाही. पण जेवताना विषय ग्रहणाचाच.

'सुरभि'चं तर किती सांगू! सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे. आसामातला मुखवटा काय, राजस्थानातला विणकर काय, घरबसल्या भारतदर्शन. शेवटी एक प्रश्न, उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. देशभरातून इतकी कार्डं जाऊ लागली की पोस्टखात्याला स्पर्धेसाठी वेगळं, जास्त किमतीचं कार्ड काढावं लागलं. माझ्या वर्गात उत्तर शोधायला भूगोलाच्या सरांकडे रांग लागायची. बक्षीस एकदाही मिळालं नाही. पण पत्ता नीट कसा लिहावा आणि नकाशात मणिपूर कुठे असतं हे दोन्ही मुलांना पक्कं झालं.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

साल १९८९ असावं, 'महाभारत' चालू होतं तेव्हाचं. आठवीच्या सहामाहीत हाच निबंध दिला होता. एका मुलाने साचा पाळला नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मागच्या बाकावर बसणारा, कोपरं विरलेला सदरा घालणारा मुलगा. वही आज समोर नाही, पण त्याने लिहिलं होतं ते साधारण असं: आमच्या घरी टीव्ही आला. तो बाबांनी हप्त्याने घेतला. टीव्ही आल्यापासून बाबा संध्याकाळी बाहेर जात नाहीत. आम्ही सगळे एका सतरंजीवर बसतो. आई पण काम आटपून बसते. बाबा हसतात. म्हणून टीव्ही वरदान आहे.

संपला निबंध. जेमतेम अर्धं पान.

मी दहापैकी चार गुण दिले. लाल शाईने शेरा लिहिला, 'विषय सोडून लिहिले आहे. तोटे लिहिले नाहीत.'

'बाबा संध्याकाळी बाहेर जात नाहीत' या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता असं नाही. त्या वस्तीत संध्याकाळी बाहेर जाणारे बाबा कुठे जातात, हे शिक्षकांना ठाऊक असतं. पण पासष्ट पेपर तपासायचे होते. मी पान उलटलं.

त्या अर्ध्या पानाचा खरा अर्थ कळायला मला आणखी एकोणीस वर्षं लागली.

२००८ च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले आणि सप्टेंबरात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांवर यायचा नाही. पाणी हवं असलं तर भलतंच काहीतरी तोंडातून निघायचं आणि मग स्वतःवरच चिडून डाव्या हाताने पलंगाची कड आपटायचे. बँकेत आयुष्य काढलेला, बोलका माणूस. लोक भेटायला येत, चहा घेत आणि यांच्यादेखत माझ्याशीच बोलत, जणू हे खोलीत नाहीतच. हळूहळू यांनी भिंतीकडे तोंड करून पडायला सुरुवात केली.

त्याच सुमारास 'सा रे ग म प'चं लहान मुलांचं पर्व चालू होतं, 'लिटिल चॅम्प्स'. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची चिमुरडी मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे. त्या पोरांनी तेव्हा घराघरात ठाण मांडलं होतं. मी टीव्ही लावायची ती खरं तर घरातली शांतता सोसवत नव्हती म्हणून. एका रात्री त्यांच्यापैकी कुणीतरी एक अभंग सुरू केला. कोण गात होतं ते आज आठवत नाही, कारण माझं लक्ष पडद्यावर राहिलंच नाही. हे रोज दाढी करताना गुणगुणायचे तोच अभंग. भिंतीकडून आवाज आला. घोगरा, तुटका, पण सुरात. आणि सुरात शब्द होते! एक सबंध ओळ. जो माणूस तीन आठवडे 'पाणी' म्हणू शकला नव्हता, त्याने अख्खी ओळ गायली. मग माझ्याकडे बघून रडले. मीही रडले. पडद्यावर टाळ्या वाजत होत्या, त्या आम्हालाच आहेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आल्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, याला वाचाघात म्हणतात. बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो, गाण्यात मात्र उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. म्हणून बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो. मग आमचा नवाच उद्योग सुरू झाला. 'पाणी हवं' चालीवर, 'दिवा लाव' चालीवर, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. टीव्हीने यांना बरं केलं असं मी म्हणणार नाही. केलं ते औषधांनी, व्यायामाने आणि त्या थेरपिस्टबाईंच्या चिकाटीने. पण भिंतीकडे वळलेलं तोंड इकडे फिरवलं ते त्या पोरांनी. २००९ च्या फेब्रुवारीत महाअंतिम सोहळा झाला, तेव्हा हे खुर्चीत बसून होते. कार्तिकीचं नाव जाहीर झालं आणि यांनी न गाता, स्पष्ट, एकच शब्द उच्चारला, "वा!"

त्यानंतर सात वर्षं मिळाली आम्हाला. बोलणं मोडकंतोडकंच राहिलं. पण रोज रात्री आठ वाजता "लाव" म्हणायचे. काय लावायचं यावर आमचं भांडणही व्हायचं, शब्दांपेक्षा खुणांनीच जास्त. बोलता येत नसलं तरी दोन माणसं शेजारी बसून एकाच गोष्टीला हसू शकतात, हे मला तेव्हा कळलं. आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा आठवला. सतरंजी. आई पण काम आटपून बसते. बाबा हसतात.

विषय सोडून? अहो, विषयाच्या गाभ्यालाच हात घातला होता त्याने!

टीव्हीचे तोटे मला कळत नाहीत असं समजू नका. सासू-सुनांची वर्षानुवर्षं चालणारी कारस्थानं, बातम्यांच्या नावाखाली चाललेला आरडाओरडा, सगळं बघून झालंय. यावर माझ्याकडे उपाय एकच. ठरवून लावावा, ठरवून बंद करावा आणि शक्यतो एकट्याने बघू नये. आता ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा पडदा आहे. चॅनेलवरून भांडायला माणूसच उरला नाही, ही मला टीव्हीपेक्षा मोठी काळजी वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत मी घरात एकटी होते. हे जाऊन चार वर्षं झाली होती. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १९८७ साली आम्ही ते वाड्यात गर्दीने बघितलं होतं, आता मी आणि रिकामी खुर्ची. लेक बंगळुरूला. तिला म्हटलं, तूही लाव, नातीला बसव. भाग संपला की नातीचा फोन यायचा. एकदा तिने विचारलं, "आजी, सीता गेली रामाबरोबर, मग लक्ष्मणाच्या बायकोला का नाही नेलं? तिला कुणी विचारलं तरी का?" उर्मिलेवर आम्ही पाऊण तास बोललो. असा प्रश्न वर्गात यावा म्हणून मी बत्तीस वर्षं वाट बघितली होती हो!

तो मुलगा आज पन्नाशीला आला असेल. कुठे असतो ठाऊक नाही. त्याचा तो पेपर मला पुन्हा मिळाला तर चारावर काट मारून नऊ करीन. शेराही खोडीन.

दहा मात्र नाही देणार. 'सतरंजी'तला 'जी' त्याने ऱ्हस्व लिहिला होता!