हजाराच्या नोटेवरचा न्यायाधीश

माझा मामेभाऊ जहाजावर आहे. त्याचे निम्मे सोबती फिलिपिनो. मागच्या सुट्टीत त्यानं एक हजार पेसोची जुनी कागदी नोट आणून दिली. तिच्यावर तीन चेहरे आहेत, त्यातला एक चष्मेवाला. हे कोण, असं विचारलं तर म्हणाला, “कुणी जज होता म्हणे. जपान्यांनी मारला.” कुठे मारला हे शोधलं, तर जागा निघाली मलाबांग. म्हणजे मिंडानाओ बेटावरचा लानाओ, मारानाओ मुसलमानांचा मुलूख. मग राहवलं नाही.

होसे आबाद सांतोस यांचा जन्म १८८६ चा, पाम्पांगा प्रांतातला. थोरला भाऊ पेद्रो अमेरिकनांविरुद्धच्या युद्धात लढला आणि पुढे शेतमजुरांचा समाजवादी पुढारी झाला. धाकटे होसे मात्र १९०४ मध्ये त्याच अमेरिकन सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कायदा शिकायला गेले. परत येऊन सरकारी वकिली केली, न्यायमंत्री झाले, १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बसले. इथवर वाचून मला वाटलं, साहेबाच्या मर्जीतला माणूस. आपणही अशा माणसांवर किती पटकन शिक्का मारतो!

पण १९२३ सालच्या एका प्रकरणानं मी थबकलो. लाचखोरीचा आरोप असलेल्या एका अमेरिकन गुप्त पोलिसाला गव्हर्नर जनरल लेनर्ड वूड यांनी पुन्हा कामावर घेतलं. फिलिपिनो मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यात न्यायमंत्री आबाद सांतोस होते, आणि गृहखात्याचे मंत्री होसे लॉरेलही. पुढे हे दोघं सर्वोच्च न्यायालयातही सहकारी झाले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा उतरल्या, आणि त्याच धामधुमीत आबाद सांतोस सरन्यायाधीश झाले. राष्ट्राध्यक्ष केसोन देश सोडून निघाले, तेव्हा त्यांनी यांनाही सोबत चला म्हटलं. हे थांबले. केसोन यांनी आपले अधिकार त्यांच्या हाती दिले. एप्रिल १९४२ मध्ये सेबू बेटावर ते मुलासह, पेपितोसह, पकडले गेले. जपान्यांना त्यांचं सहकार्य हवं होतं. घेतलेल्या शपथेशी ती बेईमानी ठरेल, म्हणून त्यांनी नकार दिला.

शपथ कुणाची, तर अमेरिकेची! एका साम्राज्याच्या शपथेपायी दुसऱ्याच्या गोळ्या खायच्या? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पण १९३४ च्या कायद्यानं त्यांच्या देशाला १० वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य कबूल झालं होतं, १९३५ पासून त्यांचं स्वतःचं सरकार होतं. त्या शपथेत हा वायदाही होता, असं मला वाटतं.

लॉरेल यांनी उलटी वाट धरली. १९४३ मध्ये ते जपान्यांच्या छत्राखाली राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना सरळ गद्दार म्हणणं मला जमत नाही. केसोन यांच्याच सांगण्यावरून ते मनिलात राहिले होते, आणि लोकांना उपाशी मरू देण्यापेक्षा वाटाघाटी बऱ्या, असं कुणाला तरी वाटणारच. युद्धानंतर त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप ठेवले गेले, मग माफी मिळाली.

मे १९४२ मध्ये मलाबांगला आबाद सांतोस यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी काही मिनिटं बापलेकांना भेटू दिलं. पेपितो रडू लागला. देशासाठी मरायची संधी सगळ्यांना मिळत नाही, रडू नकोस, असं त्याला सांगून ते गेले. दोघांनी मिळून दुआही मागितली, असं वाचलं. पेपितो वाचला, म्हणून हे कळलं. बापाची कबर मात्र सापडली नाही.

२०२२ मध्ये हजाराची नवी प्लॅस्टिकची नोट निघाली. तिच्यावर गरुड आहे. भावाला म्हटलं, जुनी मिळाली तर आणखी एक आण.