ज्याचा माल, त्याचा वायदा

यवतमाळ

चि. बाळू,

सूनबाईनं फोन केला होता तुमच्या चिमणीच्या डब्यासाठी. संत्र्याच्या फोडींबरोबर खायचं गोड डिप तिला लिहून हवं होतं. मधेच तू फोन घेतलास आणि मोबाइलवर डॉलर-युरोचं ट्रेडिंग सुरू केल्याचं सांगितलंस. नफा दिसतोय म्हणालास, माझ्या एफडीची चौकशी केलीस, आणि वर हेही, की "आपल्या घरानं जन्मभर कापूस कापूस केलं, काय मिळालं? जग डॉलरवर चालतं, आत्या." एफडीचं मी मनावर घेतलं नाही. पण हे शेवटचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. तू दादाचा मुलगा आहेस. एका वर्षी दादानं भाव वाढायची वाट बघत माजघरात छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता, हे तुला तरी सांगायला लागू नये.

अरे, कापूसच मुळात डॉलरवर चालतो. जिनिंगच्या वह्या लिहिण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हा हिशेब मला पाठ आहे. एक खंडी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, ३५६ किलो, जुन्या मापानं ७८४ पौंड. न्यूयॉर्कच्या बाजारात भाव बोलतात तो पौंडाला इतके सेंट असा. ७० सेंट धर. खंडीचे झाले ५४८ डॉलर आणि ८० सेंट. आता रुपया एका रुपयानं घसरला, तर तिकडचा भाव जागचा न हलताही इथं खंडीमागे ५४९ रुपये वाढतात. एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कपाशी लागते. म्हणजे राळेगावच्या नाहीतर घाटंजीच्या शेतकऱ्याच्या क्विंटलमागे पन्नासेक रुपये. ते सगळेच त्याच्या हाती पडतात असं नाही, पण बाजार हलतो तो या हिशेबानं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं तेव्हा बाहेरचा कापूस स्वस्त होऊन इथला भाव दबणार, म्हणून आपल्याकडे लोक किती हवालदिल झाले होते, ते आता नीट बघ.

आणि हे आजचं नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. कापसाचा पैसा मुंबईत धो-धो आला आणि तिथं बॅक बेच्या भरावाच्या शेअरांवर लोक तुटून पडले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव बसले, पेढ्या बुडाल्या. कास्तकाराच्या शेतात निदान पुढच्या हंगामाचं पीक तरी उभं होतं. ज्यांनी नुसत्या भावावर पैसे लावले त्यांच्याकडे कागद उरले. आपली शकुंतला रेल्वेसुद्धा या कापसासाठीच यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत टाकली गेली, हे तुला आजोबांनी कितीदा सांगितलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही: ज्याचा माल, त्याचा वायदा. आमच्या जिनिंगच्या शेठजींनी बांगलादेशला गाठी विकल्या, की पैसे यायला दोन महिने लागायचे. तेवढ्यात डॉलर पडला तर नफा गेला. म्हणून ते बँकेत जाऊन दोन महिन्यांनंतरचा भाव आजच बांधून घ्यायचे. तो वायदा त्यांची झोप राखायचा. तुझं डॉलरमध्ये देणं काय आणि घेणं काय? चिमणी परदेशी शिकायला जाईल तेव्हा बोल, मी स्वतः तुझ्यासोबत बँकेत येईन.

तू म्हणशील, आत्याला नव्या गोष्टी कळत नाहीत. मग ऐक. आपल्याकडे एनएसईवर डॉलर-रुपयाचे वायदे २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झाले. एक लॉट हजार डॉलरचा. भाव दहा पैसे हलला की शंभर रुपये इकडचे तिकडे. सौदा रुपयांतच मिटतो, डॉलर कुणाच्या हातात येत नाही. नवशिक्यानं शिकायचंच तर ते इथं, एका लॉटवर, असं मीही एकेकाळी म्हटलं असतं. पण ३ मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम पक्का झालाय: खरं परकीय चलनाचं देणंघेणं असेल त्यानंच या सौद्यात उतरावं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरा असायलाच हवा. नियम आला आणि तिथली उलाढाल कोसळली. म्हणजे इतके दिवस तिथं मालवाले किती होते, याचा तूच विचार कर.

आणि तुझं ते ॲप तर एक्स्चेंजवरचंही नाही. तू नाव सांगितलंस तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. रिझर्व्ह बँकेनं ७ सप्टेंबर २०२२ ला बेकायदा फॉरेक्स कंपन्यांची पहिली यादी काढली, त्यात ३४ नावं होती. पुढे ती वाढतच गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, हेही बँकेनंच सांगितलंय. असल्या ठिकाणी सौदे करणाऱ्या माणसावरसुद्धा परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली कारवाई होऊ शकते. ऐकतोयस ना? कंपनीवर तर होईलच, पण तुझ्यावरही.

शंभरपट लिव्हरेज मिळतं म्हणून तू खूश होतास. शंभरपट म्हणजे भाव एक टक्का उलटा गेला की तुझी सगळी रक्कम साफ. ठरल्या भावाला सौदा आपोआप मोडणारा स्टॉप-लॉस लावतो म्हणालास. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं फ्रँकवरचा बांध अचानक काढला. युरोचा भाव १.२० फ्रँकवर धरलेला होता, तो काही मिनिटांत एकच्या खाली गेला. मधल्या भावांना घेणारंच कुणी नव्हतं, मग स्टॉप-लॉस लागणार कुठं? लोक भरलेल्या रकमेपेक्षा जास्त बुडाले, लंडनमधला एक मोठा ब्रोकरही त्यात बसला. आपल्या शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शनचा सेबीनं हिशेब काढला, तर २०२२ ते २४ या तीन आर्थिक वर्षांत शंभरातले ९३ किरकोळ लोक तोट्यात. तुझी हुशारी मला माहीत आहे, बारावीचा निकाल मी विसरले नाही. पण या ९३ जणांतही हुशार पोट्टे असतीलच ना रे?

सूनबाईला डिपचं सांगायचं राहिलं, ते लिहून टाकते, तिला वाचून दाखव. दोन वाट्या घट्ट, ताजं दही पातळ फडक्यात बांधून फ्रिजमध्ये पाच-सहा तास टांगायचं, खाली भांडं ठेवून. आठ-दहा खजूर बिया काढून कोमट पाण्यात मऊ करायचे, पाणी निथळायचं. दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर भाजायचे. तडतडले आणि किंचित रंग बदलला की लगेच ताटलीत काढायचे, तापल्या कढईत राहिले तर कडू होतात आणि ती चव काही केल्या जात नाही. आधी तीळ कोरडे वाटायचे, त्यांना तेल सुटू लागलं की खजूर, मग चक्का. चिमूटभर मीठ, वेलची. साखर नको, गूळही नको. वरून चारोळी. खजुरातही साखर असतेच, म्हणून चिमणीला लहान वाटीच द्यायची, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

सूनबाईला ट्रेडिंगचं माहीत आहे का रे? ती फोनवर काहीच बोलली नाही, म्हणून विचारते. घराच्या हप्त्यातले पैसे तर घातले नाहीस ना? दादाला मी अजून सांगितलेलं नाही. त्याची अँजिओप्लास्टी होऊन किती दिवस झालेत ते तुला ठाऊक आहे. वणीला आमच्या ओळखीच्यांचा मुलगा असाच अडकला. सुरुवातीला थोडे पैसे परत मिळाले, विश्वास बसला, मग त्यानं बायकोचे दागिने ठेवून मोठी रक्कम घातली. काढायला गेला तेव्हा समोरचे म्हणाले, आधी नफ्यावरचा कर भरा. तो भरला, मग दुसरं काही निघालं. पोरगा आता दाराबाहेर पडत नाही.

तुझी आत्या

ता. क. हे पत्र हाती पडेल त्या दिवशीच सगळे पैसे काढायला घाल, दाखवतात तो नफा राहू दे, निदान मुद्दल. काढण्यासाठी कर, फी, अनामत, काहीही मागितलं तर एक रुपया भरू नकोस. स्क्रीनचे फोटो आणि बँकेच्या नोंदी जपून ठेव आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार कर. मग मला फोन कर, कितीही रात्र झाली तरी.